शुक्रवारी लिहिलेलं इतिवृत्त

हेमावतीचं पत्र मला एप्रिलच्या शेवटी आलं आणि सप्टेंबर उजाडला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. निळं अंतर्देशीय पत्र होतं, दुमडीच्या कडेपर्यंत भरलेलं, तमिळमध्ये. बेचाळीस वर्षं मद्रासमध्ये काढल्यामुळे मला तमिळ बोलता येतं, पण वाचताना अजून अक्षराला अक्षर जोडावं लागतं. एक वाक्य कळेपर्यंत चहा गार होतो. त्यामुळे ते पत्र मी जितकं सावकाश वाचलं तितकं गेल्या कित्येक वर्षांत दुसरं काही वाचलं नसेल.

तिने लिहिलं होतं: बैठकीच्या वहीत मी संगणक कक्षाचं स्वागत केलं असं लिहिलं आहे. मी तसं म्हणाले नाही. मी येण्याआधीच ते लिहिलेलं होतं, शाई वाळलेली होती. मी जे म्हणाले ते खाली लिहिते आहे. ते वहीत लिहावं, आणि लिहिलंत की मला कळवावं.

तिच्या तक्रारीत खोटं काहीच नव्हतं. वहीतलं ते पान मी शुक्रवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लिहिलं होतं आणि बैठक रविवारी होती.

हे कसं झालं ते सांगायला हवं. अंबत्तूरला औद्योगिक वसाहतीच्या मागे बालाजीरावांनी आपल्या आईच्या नावाने एक वसतिगृह काढलं आहे, अन्नपूर्णाबाई छात्रालय. बालाजीराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तिकडे गेले त्याला तीनशे वर्षं होतील. स्टेशनांवर, बसस्टँडवर राहणारी मुलंमुली तिथे आणली जातात, शिकतात, आणि अठरा पूर्ण झाली की बाहेर पडतात. त्या दिवशी लहानसा समारंभ असतो. मुलाला एक ट्रंक, एक ताट-पेला आणि नव्या कपड्यांचा जोड देतात, फोटो काढतात, आणि आमच्या वार्षिक अहवालात त्याच्या नावापुढे 'स्थिरस्थावर' असं छापलं जातं. तो शब्द माझा आहे.

मी संस्थेचा सचिव. निवृत्त झाल्यावर दिवसभर घरात वाचत बसायचो, ते बघून बालाजीरावांनी मला तिथे ओढून नेलं. त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत. चौतीस वर्षं मी संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात कारकुनी केली. तिथे मला शिकवलं गेलं की चांगला माणूस बैठकीचं इतिवृत्त बैठकीआधी लिहून ठेवतो. कोण येणार, कोण काय बोलणार, काय ठरणार, हे सगळं माहीतच असतं. मतभेद झाला तर एखादी ओळ बदलायची. मतभेद होत नसे.

त्या एप्रिलमध्ये एका संगणक कंपनीने आठ संगणक देऊ केले. देताना तिची एक अट होती: पूर्वी इथे राहून गेलेल्या तरुणांना निर्णयात सहभागी करून घ्या. बालाजीरावांनी दोघांना बोलावलं, हेमावती आणि नवीन. मी शुक्रवारी वहीत नेहमीप्रमाणे इंग्रजीत लिहिलं, "निमंत्रित माजी निवासींनी फाटकाजवळच्या खोलीत संगणक कक्ष करण्याच्या प्रस्तावाचे स्वागत केले." रविवारी ती दोघं आली, हेमावती बराच वेळ बोलली, आणि शेवटी सहीसाठी वही तिच्यापुढे गेली. आमच्यापैकी कोणी सही करताना कधी पान वाचत नाही. तिने वाचलं. मग सही न करताच वही पुढे सरकवली आणि निघून गेली. मला वाटलं, विसरली असेल.

उत्तर का दिलं नाही याची कारणं मी स्वतःला बरीच दिली. पहिला मसुदा इंग्रजीत लिहिला, तो सरकारी झाला. दुसरा तमिळमध्ये लिहायला घेतला आणि पहिल्याच ओळीत चार चुका केल्या. पण खरं कारण वेगळं होतं. "तुझं बरोबर आहे" असं लिहिलं की ते कागदावर येणार, आणि कागदावर आलं की मला बालाजीरावांसमोर उभं राहावं लागणार. मी पत्र वाचत असलेल्या पुस्तकात ठेवलं. ते पुस्तक संपलं, दुसरं घेतलं, पत्र त्यात गेलं.

"अहो, कुणाला उत्तर द्यायचं राहिलंय, की त्या पत्राची पुस्तकातली खूणच करून टाकलीत?" सरोजिनी एकदा म्हणाली. माझी बायको माझ्यासारखी बोलायला लाजत नाही.

जुलैच्या बैठकीला सभासद पुरेसे आले नाहीत. त्यामुळे एप्रिलचं इतिवृत्त मंजूर व्हायचं राहिलं आणि संगणकही अडकले; कंपनीला मंजूर इतिवृत्ताची नक्कल हवी होती. सप्टेंबरमध्ये बालाजीरावांचा फोन आला.

"अशोकराव, आदितवारीं बैठक. तेवढें एक 'वाचलें असें समजावें' म्हणून टाका. सोमवारीं नक्कल धाडूं, सरलें काम."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला आणि खुर्चीत बसवेना. एकदा मंजूर झालं की ते कायमचं होतं. मंजूर इतिवृत्तात नंतर कोणी हात घालत नाही. माझ्याकडे चार दिवस होते. हेमावतीने काय म्हटलं ते पत्रात होतं, पण मला स्वतःला त्यातलं काही आठवत नव्हतं. मी त्या खोलीत तिच्यापासून चार हातांवर बसलो होतो. ती बोलत होती तेव्हा मी माझ्याच लिहिलेल्या ओळी पुन्हा वाचत होतो, एखादा स्वल्पविराम राहिला का ते बघत. जे मी ऐकलंच नाही ते खरं म्हणून कसं लिहू? तिला भेटून पुन्हा ऐकावं असं ठरवलं.

पत्रावर नुंगंबाक्कमचा पत्ता होता, नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह. बुधवारी सकाळी गेलो. फाटकाबाहेर बराच वेळ उभा राहिलो. म्हाताऱ्या माणसाने मुलीची चौकशी करायची म्हणजे कशी करायची हेच सुचेना. वॉर्डनबाई बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की हेमावती काम करायची ते कापडाचं दुकान बंद पडलं आणि जूनमध्ये तिने जागा सोडली. कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं.

मी वळलो तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही तिला पत्र लिहिणार होता का?"

मी पुन्हा त्यांच्याकडे तोंड केलं.

"रोज संध्याकाळी कामावरून आली की विचारायची, अक्का, माझं काही टपाल? मे महिनाभर. मी चिडवायची, कोण आहे गं तो? ती म्हणायची, सेक्रेटरी."

मी रस्ता ओलांडून समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. जूनमध्ये जागा गेली. म्हणजे पत्रात ती जी तात्पुरती जागा मागत होती ती तिला दोन महिन्यांतच पुन्हा लागली होती, आणि ती मागणारा कागद माझ्या पुस्तकात होता.

गुरुवारी अंबत्तूरला नवीनला गाठलं. तो बोल्ट बनवणाऱ्या कारखान्यात आहे. जेवणाच्या सुटीत तो हात पुसत बाहेर आला, मला बघून हसला आणि चहाच्या टपरीवर घेऊन गेला.

"सार, वही आणलीत?" 'सर'चं इकडे सगळे 'सार' करतात.

नाही म्हणालो.

"आणायची ना. मी आज काय बोलणार ते बघितलं असतं. माझा वेळ वाचला असता."

टपरीवाला पण हसला. त्याला काय कळलं कोण जाणे. मी चहा घेतला, तो सांडला. नवीनला दया आली असावी. मग तो नीट बोलला. म्हणाला, त्या दिवशी मी नुसती मान हलवली सार, मला बिस्किटं आवडली आणि एसी आवडला. बोलली ती. आदल्या दिवशी आम्ही दोघं सेंट्रल स्टेशनवर जाऊन सहा जणांना विचारून आलो होतो, छात्रालयातून निघालेल्यांना. तुम्हाला काय लागतं म्हणून. ती सगळं पाठ करून आली होती. कागदावरून वाचलं तर तुम्ही लोक कागद मागून घ्याल आणि फाइलला लावाल, असं म्हणाली.

सहा जण. अहवालात त्या सहाही जणांपुढे माझा तो शब्द असणार.

हेमावती कुठे आहे ते त्याला माहीत होतं. मद्रासजवळच्या किनाऱ्यावरच्या कोवलमला एका मासे विकणाऱ्या बाईकडे होती, बाईचा मुलगा बोटीवर कामाला केरळात गेला होता त्याच्या जागेवर झोपत होती. दिवाळीला तो परत येणार. "मग?" मी विचारलं. नवीनने खांदे उडवले आणि भोंगा झाला म्हणून आत गेला.

शनिवारी पहाटे उठून तिरुवान्मियूरहून कोवलमची बस धरली. बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, रिकाम्या, पण वास भरलेल्या. मी पुस्तक उघडलं, एक पान चार वेळा वाचलं आणि मिटलं. हेमावती किनाऱ्याच्या वरच्या बाजूला वाळत घातलेले बारीक मासे निवडत होती. ती वीस वर्षांची आहे पण उन्हात बसलेली दुरून तिशीची दिसली. मला ओळखून ती उठली नाही, बाजूचं पोतं मात्र माझ्याकडे सरकवलं.

मी वाटेत पाठ केलेलं बोललो. चूक झाली, उद्या बैठक आहे, मला ते दुरुस्त करायचं आहे, म्हणून तू त्या दिवशी काय म्हणालीस ते एकदा सांग. मी वहीही नेली होती या वेळी, कोरी.

तिचे हात थांबले नाहीत. "माझं पत्र मिळालं तुम्हाला?"

"मिळालं."

"वाचलंत?"

"पुष्कळदा."

"त्यात लिहिलंय ना सगळं?"

"लिहिलंय. पण मला तुझ्या तोंडून..."

"सार, मी एकदा तोंडाने सांगितलं, तेव्हा तुम्ही लिहिलं नाहीत. मग मी लिहून पाठवलं, तर तुम्ही बोलला नाहीत. आता परत तोंडाने सांगू?" आवाज चढलेला नव्हता. "तुम्ही इतक्या लांब आलात, बरं वाटलं. पण तुम्ही बसमध्ये बसलात की माझ्या हातात काय राहतं? मी पत्र लिहिलंय. मला पत्र पाहिजे."

मी म्हणालो, मला तमिळ लिहिता येत नाही धड. माझ्याच कानाला ते फार केविलवाणं वाटलं.

"मलाही इंग्लिश धड येत नाही. तरी तुमचं पान मी वाचलं."

तिने माझं पुस्तक मागून घेतलं आणि शेवटच्या कोऱ्या पानावर त्या बाईचा पत्ता लिहून दिला. मग टोपलीतल्या मांजराला हाकललं आणि मला सांगितलं की पुढची बस चुकली तर दीड तास नाही.

रविवारी बैठकीला सात जण होतो. बालाजीराव अध्यक्ष, उजवीकडे खजिनदार रामस्वामी, निवृत्त हेडमास्तर, डावीकडे मुलांना तपासणाऱ्या डॉक्टर विजयलक्ष्मी. कॉफी आली. बालाजीराव म्हणाले, मागचं इतिवृत्त वाचलं असं समजावं. माना हलल्या.

मी उभा राहिलो. आमच्याकडे कोणी उभं राहत नाही, सगळे बसूनच बोलतात, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मी बाथरूमला निघालो. रामस्वामींनी पाय बाजूला घेतले.

मी म्हणालो की त्यातली एक नोंद खोटी आहे. ती मी बैठकीच्या दोन दिवस आधी लिहिली. ज्या मुलीच्या नावावर ती आहे तिने तसं म्हटलं नव्हतं आणि सहीही केली नव्हती.

बालाजीराव रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. "अशोकराव, सगळेच असें लिहितात. तुम्हींच मला शिकवलेंत कीं हें."

ते खरं होतं. हो म्हणालो आणि पत्र काढून वाचू लागलो. पहिलं वाक्य लागायला अर्धं मिनिट गेलं. दुसऱ्या वाक्यात मी अडकलो, मागे गेलो, पुन्हा अडकलो. कोणीतरी घड्याळ बघितलं. रामस्वामींना कंपनीचे संगणक सगळ्यात जास्त हवे होते, पण चाळीस वर्षं मुलांकडून धडे वाचून घेतलेल्या माणसाला ते ऐकवेना. त्यांनी माझ्या हातातून पत्र ओढून घेतलं आणि चष्मा लावून वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"तुम्ही मला ट्रंक दिलीत आणि फोटो काढलात. आठ महिन्यांनी काम गेलं, खोली गेली. ट्रंक ओळखीच्या बाईकडे ठेवली आणि अकरा दिवस बीच स्टेशन ते तांबरम लोकलमध्ये झोपले. दिवसा, कारण दिवसा बायकांच्या डब्यात कोणी उठवत नाही. रात्री एगमोरला प्रतीक्षालयात जागी बसायचे. रात्री झोपायचं नसतं हे मला नवव्या वर्षापासून माहीत आहे. त्या अकरा दिवसांत मी दोनदा छात्रालयाच्या फाटकापर्यंत आले. चौकीदाराने विचारलं, काय झालं? मला ते सांगायचं नव्हतं, म्हणून परत गेले."

इथे रामस्वामींचा आवाज उतरला. पुढचं त्यांनी बसून वाचलं.

"फाटकाजवळची खोली आमच्यासारख्यांसाठी ठेवा. दोन खाटा पुरेत. आतून कडी पाहिजे. किल्ली आमच्यापैकी कोणाकडे असू द्या. पहिले तीन दिवस कोणी काही विचारू नये, चौथ्या दिवशी आम्हीच सांगू. संगणक जिन्याजवळच्या खोलीतही बसतात, मी मोजून बघितलं."

डॉक्टरबाईंनी विचारलं, जिन्याजवळची खोली कुणी मोजली होती का? कुणी मोजली नव्हती.

त्यानंतर जे झालं त्याला विजय म्हणता येणार नाही. ती नोंद खोडली गेली, मी खोडली आणि समासात सही केली. खोलीचा निर्णय तीन आठवडे पुढे गेला. हेमावती आणि नवीनला पुन्हा बोलवायचं ठरलं. त्यांना मतदानात मत असावं असं मी सुचवलं, त्याला डॉक्टरबाईंनी अनुमोदन दिलं आणि बाकीच्यांनी ते पाडलं. माझा विरोध नोंदवावा असं मी म्हणालो. आमच्या वहीतला तो पहिला विरोध. मग बालाजीरावांनी विचारलं, पुढच्या बैठकीचं इतिवृत्त लिहिणार कोण, आतां अशोकरावांवर कसा विश्वास ठेवावा? ते हसत म्हणाले, पण माझ्याकडे बघत नव्हते. रामस्वामी पत्राची घडी करत म्हणाले, "या मुलीला लिहू द्या. अक्षर चांगलं आहे." ते मात्र मंजूर झालं.

निघताना बालाजीराव नेहमी मला गाडीतून सोडतात. त्या दिवशी गाडी निघून गेली आणि मी स्टेशनापर्यंत चालत गेलो.

ट्रेनमध्ये एक गोष्ट डोक्यात आली आणि ती जाईना. नियमावली मीच टंकलिखित केली होती. ठराव होईपर्यंत वापरात नसलेली जागा सचिवाच्या ताब्यात असते. फाटकाजवळची खोली वापरात नव्हती. तिथे मोडक्या खाटा आणि जुन्या उशा होत्या. ठराव झालेला नव्हता. सचिव अजून तरी मीच होतो.

सोमवारी सकाळी मी पुन्हा अंबत्तूरला गेलो. चौकीदाराला लेखी सूचना दिली, खाली शिक्का मारला. सुतार आणून आतून कडी बसवून घेतली. नवीन कामावर जाण्याआधी आला, आम्ही दोघांनी चांगल्या दोन खाटा निवडून बाकीच्या बाहेर काढल्या. किल्ली त्याला दिली. त्याने ती दोनदा उलटसुलट केली.

"बालाजीराव सार?"

त्यांना मी कळवणार आहे म्हणालो. अजून कळवलेलं नव्हतं.

"तुम्हाला काढून टाकतील."

"बहुतेक."

"मग तुम्ही काय करणार?" त्याला खरंच काळजी वाटली असावी, कारण पुढे म्हणाला, "तुम्हाला बाकी काही येतं का?"

दुपारभर मी उत्तर लिहीत बसलो. तमिळमध्येच. काय झालं ते ओळीने लिहिलं: नोंद खोडली, खोली अजून मिळालेली नाही, मत मिळालेलं नाही, पुढची बैठक कधी आहे, वही तुझ्या हातात असेल आणि पान कोरं असेल. किल्ली नवीनकडे आहे. माझं पद गेलं तर ती परत मागितली जाईल, पण तीन आठवडे तरी नाही. जूनमध्ये तुझी जागा गेली तेव्हा तुझं पत्र माझ्याकडे होतं, हेही लिहिलं. ते लिहायचं नव्हतं, दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं.

सरोजिनी बाजारात तमिळ वाचायला शिकली, तिला माझ्यापेक्षा भराभर वाचता येतं. तिने कागद उभ्यानेच वाचला. चुका किती आहेत ते मी विचारलं. पुष्कळ आहेत म्हणाली, पण कळतंय. एकाच ठिकाणी बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, खोली कायम राहावी यासाठी प्रयत्न केले जातील.

"कोण करणार?"

"म्हणजे?"

"प्रयत्न. कोण करणार ते लिहा ना."

मी ते वाक्य खोडून "मी करीन" असं लिहिलं. कागदाला भोक पडलं, वर पट्टी चिकटवावी लागली.

मंगळवारी सकाळी पोस्टात गेलो. कोवलमला पोचायला किती दिवस लागतात असं खिडकीवरच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला परवा, फार तर शुक्रवार. रजिस्टर करू का म्हणून विचारलं. सहीसाठी त्या बाईला पोस्टमनसमोर उभं करायचं, कशाला, असं वाटलं आणि नको म्हणालो. बाहेर येऊन पेटीवरची वेळ बघितली. पुढचं टपाल तीनला निघणार होतं. पत्ता पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी पुन्हा एकदा ताडून बघितला, पिनकोडचे आकडे बोटाने मोजले. मागे एक बाई निमंत्रणपत्रिकांची की कसली तरी पाकिटं घेऊन उभी होती, ती म्हणाली, "टाकता का, मी टाकू?"

मी टाकलं.